हायपो म्हणजे उप

अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर एमआयडीसीत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. इंग्रजी शब्द कसे जुळतात हे शिकायचे असेल तर शब्दकोशाआधी अशा कारखान्यातल्या ड्रमवरची लेबले वाचावीत, असे माझे मत आहे. वर्तमानपत्रातल्या इंग्रजी शब्दाचा एखादा तुकडा आपण चुकीचा वाचला तर फार तर वाक्याचा अर्थ निसटतो. लेबलवरचा तुकडा चुकला तर भलताच माल हाती येतो.

पाच नावे एकापाठोपाठ मोठ्याने वाचून पाहा: क्लोराइड, हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट. पाचही नावांच्या पोटात 'क्लोर' आहे. फरक आहे तो पुढे लागलेल्या आणि मागे लागलेल्या तुकड्यांचा. सोडिअम क्लोराइड म्हणजे आपल्या जेवणातले मीठ. सोडिअम हायपोक्लोराइट म्हणजे पाणी निर्जंतुक करायला आणि कपड्यांचे डाग घालवायला वापरतात ते द्रावण. इस्पितळात फरशी पुसणाऱ्या मावशी त्याला नुसते 'हायपो' म्हणतात. सोडिअम क्लोराइट कापड आणि कागदाचा लगदा पांढरा करायला लागते. पोटॅशिअम क्लोरेट काडेपेटीतल्या काडीच्या गुलात असते. अंबरनाथकरांना हे वेगळे सांगायला नको, कारण रुळांच्या पलीकडे पश्चिमेला 'विमको नाका' हे नाव अजून तोंडात आहे आणि १९२०च्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या आगकाड्यांच्या कारखान्याने या गावाच्या कित्येक घरांची चूल पेटवली. परक्लोरेट त्याच्याही पुढचे: पोटॅशिअमचे फटाक्यांत जाते, अमोनिअमचे अग्निबाणांच्या घन इंधनात.

या नावांमागे एक मोजणी आहे. क्लोराइडमध्ये क्लोरिनला ऑक्सिजनचा एकही अणू चिकटलेला नसतो. हायपोक्लोराइटमध्ये एक असतो, क्लोराइटमध्ये दोन, क्लोरेटमध्ये तीन, परक्लोरेटमध्ये चार. म्हणजे '-आइट' हा प्रत्यय ऑक्सिजन कमी असल्याचे सांगतो, '-एट' जास्त असल्याचे. '-आइट'पेक्षाही कमी असेल तर पुढे 'हायपो-' लागतो, '-एट'पेक्षाही जास्त असेल तर 'पर-'. ही खूण एकदा कळली की न पाहिलेल्या ड्रमबद्दलही बरेच काही सांगता येते. सल्फाइट आणि सल्फेट, नायट्राइट आणि नायट्रेट, फॉस्फाइट आणि फॉस्फेट या सगळ्या जोड्या त्याच नियमाने वाचायच्या. सोडिअम नायट्राइट हे नायट्रेटपेक्षा बरेच अधिक विषारी आहे, तेव्हा हा नियम नुसता परीक्षेपुरता नाही. देवनागरीत तर क्लोराइट आणि क्लोराइड यांच्यात फक्त ट आणि ड एवढेच अंतर उरते. लेबलावर धूळ बसलेली असेल, तर तेवढे अंतर पुसून जायला वेळ लागत नाही.

ही व्यवस्था आपोआप उगवलेली नाही, ती ठरवून केलेली आहे. १७८७ मध्ये पॅरिसमध्ये लाव्हाझिए, गितों द मोर्व्हो, बर्थोले आणि फुरक्र्वा या चौघांनी मिळून रासायनिक नावांची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी युरोपातली रसायनांची नावे आपल्या बाजारातल्या नावांसारखीच होती. मोरचूद, हिराकस, नवसागर, तुरटी, सोरा. नावे छान आहेत, तोंडात बसणारी आहेत, आणि किराणा दुकानात अजून चालतात. पण मोरचूद आणि हिराकस एकाच कुळातले आहेत, दोन्ही सल्फेट, एक तांब्याचे आणि एक लोखंडाचे, हे त्या नावांवरून कुणाला कधी कळले असते? नव्या पद्धतीने नात्याची खूण नावातच घातली. कॉपर सल्फेट, फेरस सल्फेट. हायपो आणि पर हे उपसर्ग नंतरच्या रसायनशास्त्रज्ञांनी जोडले, पण सांगाडा या चौघांचा.

त्यांचे तुकडे बहुतेक ग्रीक होते, आणि कधी कधी तुकडा खोटेही सांगतो. 'ऑक्सिजन' हा शब्द लाव्हाझिएचा: 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण, आंबट आणि 'जेन' म्हणजे जन्म देणारा. आम्ल जन्माला घालणारा वायू. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच अशी त्याची खात्री होती. पुढे १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवून दिले की मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नाहीच, त्यात आहे एक वेगळेच मूलद्रव्य. त्या मूलद्रव्याच्या फिकट हिरवट-पिवळ्या रंगावरून डेव्हीने त्याचे नाव ग्रीक 'क्लोरोस'वरून क्लोरिन ठेवले. ऑक्सिजनचे नाव मात्र तसेच राहिले. शब्दाचे तुकडे आपल्याला नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते ते सांगतात. वस्तू तशीच आहे याची हमी ते देत नाहीत. हे भान ठेवून पुढे जाऊ.

आता मला ज्यासाठी हे प्रकरण लिहावेसे वाटले ती गोष्ट. ग्रीक 'जेन' आणि आपला 'जन्' हा धातू एकच आहे: जन्म, जनक, जननी. 'हायड्रो' म्हणजे पाणी, आणि तो ग्रीक शब्द आपल्या 'उदक'मधल्या 'उद'चा सख्खा नातलग आहे. हायड्रोजनला मराठीत कुणी उद्‌जन म्हटले तेव्हा त्याने भाषांतर केले असे वाटते. खरे तर दूर गेलेले दोन तुकडे पुन्हा घरच्या उच्चारात आणले. 'क्लोरोस'चे मूळ आणि संस्कृत 'हरि', 'हरित' यांचे मूळ एक. म्हणजे आपला हिरवाही त्याच घरातला. आणि 'हायपो' म्हणजे आपला 'उप'. ग्रीकमध्ये हायपो म्हणजे खाली, खालचा. संस्कृतात उप म्हणजे जवळ, खालच्या दर्जाचा, गौण. उपनगर, उपविभाग, उपाध्यक्ष यांतला उप आणि हायपोक्लोराइटमधला हायपो हे एकाच मूळ शब्दाचे दोन उच्चार. लॅटिनमध्ये तोच 'सब' झाला: सबस्टेशन, सबवे, सबकॉन्ट्रॅक्टर. 'उपरि'चा ग्रीकमध्ये 'हायपर' झाला आणि लॅटिनमध्ये 'सुपर'. हायपरटेन्शन म्हणजे वर चढलेला ताण, सुपरवायझर म्हणजे वरून पाहणारा. परक्लोरेटमधला लॅटिन 'पर' आणि ग्रीक 'पेरि' हे दोघे आपल्या 'परि'चे भाऊबंद. पेरिस्कोपमधून भोवताली पाहतात, परिसर म्हणजे भोवताल.

हे नाते युरोपीय विद्वानांपुढे ठासून मांडले ते विल्यम जोन्सने, २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढच्या व्याख्यानात. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतके साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात, असे त्याचे म्हणणे. पॅरिसच्या चौघांनी आपली नावांची पद्धत त्याच्या पुढच्याच वर्षी छापली. एका ठिकाणी भाषेतले जुने तुकडे ओळखले जात होते, दुसऱ्या ठिकाणी त्याच तुकड्यांतून नवे शब्द घडवले जात होते.

मराठी वाचकाच्या हाती यातून काय येते? आपण शाळेत बावीस उपसर्ग पाठ करतो: प्र, परा, अप, सम्, अनु, अव... ते मराठीच्या पेपरात उपसर्गघटित शब्द लिहिण्यापुरते वापरतो आणि विसरतो. आणि दुसऱ्या तासाला इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे घोकतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातही इंग्रजी आहे, पण या दोन तासांची गाठ कुणी घालून देत नाही. घातली तर काय दिसेल? 'दुस्' आणि ग्रीक 'डिस्' एकच: दुष्काळातला दुस् आणि डिस्लेक्सियातला डिस्. 'सु' आणि ग्रीक 'यू' एकच: सुभाषित, आणि इंग्रजीत यूफनी, म्हणजे गोड नाद. 'अंतर्' आणि लॅटिन 'इंटर' एकच: आंतरराष्ट्रीय आणि इंटरनॅशनल हे शब्द उपसर्गापुरते तरी सख्खे भाऊ. नकाराचा 'अ' किंवा 'अन्' तर इंग्रजीत तीन दारांनी आला: घरचा 'अन', लॅटिनचा 'इन', ग्रीकचा 'अ' किंवा 'अन'. अननोन, इनकरेक्ट, अनीमिया. यातल्या 'अननोन'कडे जरा थांबून पाहावे. अन-नो-न. मधल्या 'नो'चे स्पेलिंग के-पासून सुरू होते, आणि तो न उच्चारला जाणारा के पूर्वी उच्चारला जात असे. क्नो. आपला धातू ज्ञा. आणि शेवटचा न हा आपल्या 'त'चेच काम करणारा भूतकाळाचा प्रत्यय. अ-ज्ञा-त, अन-नो-न. उपसर्ग, धातू, प्रत्यय, तिन्ही जागच्या जागी. मुलांना तो मुका के का लिहायचा हे सांगायला याहून चांगले कारण मला माहीत नाही.

प्रत्ययाचे एक उदाहरण तर रोज अंबरनाथ स्टेशनबाहेर उभे असते. बस. हा शब्द 'ऑम्निबस'चे शेपूट आहे. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये भाडे देईल त्या कुणालाही घेऊन जाणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, त्यांना हे लॅटिन नाव मिळाले. 'ऑम्निस' म्हणजे सर्व, आणि 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. लोकांनी शब्द आखूड केला तेव्हा अर्थ असलेला भाग गळून गेला आणि नुसता विभक्तिप्रत्यय उरला. हा '-बस' म्हणजे संस्कृतातला चतुर्थी बहुवचनाचा 'भ्यः'. देवेभ्यः, सर्वेभ्यः. ज्यांनी शाळेत देव शब्द चालवला आहे त्यांनी बसचे संस्कृत भावंड मोठ्याने म्हटलेले आहे. धातू नाही, उपसर्ग नाही, केवळ एक प्रत्यय स्वतःच्या चाकांवर शहरभर फिरतो आहे, असे दुसरे उदाहरण सहज सापडायचे नाही.

तुकडे जोडताना सांधा बदलतो, हेही आपल्याला नवे नाही. बदलापूरवरून वाहणाऱ्या नदीचे नाव उल्हास. तिच्यावरून १९४९ मध्ये, कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. उल्हास हे 'उल्लास'चे मराठी रूप, आणि उल्लास म्हणजे उत् अधिक लास. पुढच्या ल्-ला भेटताच त् स्वतः ल् झाला. लॅटिनमध्ये नेमके हेच होते. 'इन' अधिक 'लीगल' म्हणजे 'इल्लीगल'; म्हणून त्यात दोन एल. 'इन' अधिक 'पॉसिबल' म्हणजे 'इम्पॉसिबल', कारण प ओठांवरचा, मग न्-ही ओठांवर येऊन म् होतो. आपल्या 'सम् अधिक तोष' मध्ये म्-चा न् होऊन 'संतोष' होतो ती याचीच उलट बाजू. 'इन' अधिक 'रेग्युलर' म्हणजे 'इर्रेग्युलर'. 'सब' अधिक 'पोर्ट' म्हणजे 'सपोर्ट', खालून उचलून धरणे, आणि म्हणून त्यात दोन पी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुहेरी अक्षर कुठे येते याने मुले रडकुंडीला येतात. त्यातली बरीच दुहेरी अक्षरे म्हणजे उपसर्ग आणि धातू यांच्यामधली व्यंजनसंधी आहे. सत् अधिक जन सज्जन हे ज्याला समजले आहे त्याला 'इल्लीगल'मधला दुसरा एल पाठ करावा लागू नये.

इंग्रजीत ही लॅटिन-ग्रीक भर इतकी कशी पडली? अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १०६६ मध्ये, नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि तिथल्या दरबाराची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंच ही लॅटिनची लेक. पुढे विद्येच्या निमित्ताने लॅटिन आणि ग्रीक थेटही आले. घरात, शेतात, स्वयंपाकघरात जुने इंग्रजी राहिले. न्यायालय, देवघर आणि ग्रंथालय नव्या शब्दांनी भरले. मग दोन्हींचे तुकडे एकमेकांत मिसळले. 'वॉश' घरचा, '-एबल' फ्रेंच: वॉशेबल. 'री' लॅटिन, 'फिल' घरचा: रीफिल.

मराठी याच वाटेने गेली आहे, फक्त तिच्याकडे दरबाराची भाषा म्हणून फारसी आली. 'भान' आपला, 'बे' फारसी: बेभान. 'समज' आपली, 'गैर' अरबीतून फारसीमार्गे आलेला: गैरसमज. 'भागी' आपला, 'दार' फारसी: भागीदार. 'भांड' आपले, 'खोर' फारसी: भांडखोर. कुणालाही हे शब्द आज उपरे वाटत नाहीत. उपसर्ग आणि प्रत्यय दुसऱ्या भाषेतून येतात ते सुटे येत नाहीत. आधी पूर्ण शब्द येतात, पुष्कळ येतात, आणि मग लोक त्यांतला समान तुकडा कानाने ओळखून स्वतःच्या शब्दांना लावू लागतात. बेइमान, बेकायदा, बेहिशेबी ऐकून ऐकूनच कुणीतरी बेभान म्हणाले असणार. उल्हासनगरच्या दुकानांच्या पाट्यांवर अडनावे वाचत गेले तरी हे कळते. सिंधी न येणारा माणूसही दहा पाट्यांत '-आणी' वेगळा काढतो. तो अमक्या पूर्वजाच्या वंशातला असे सांगणारा प्रत्यय आहे, इंग्रजीतल्या जॉन्सनमधल्या '-सन'सारखा. आपला '-कर' माणसाला गावाशी बांधतो, सिंधी '-आणी' पूर्वजाशी. ज्यांचे गाव सरहद्दीपलीकडे राहिले त्यांच्या नावात तरी पूर्वज बरोबर आला.

कारखान्यातल्या हुद्द्यांतही ही जुळणी दिसते. सुपरवायझरमध्ये सुपर, पाहण्याचा लॅटिन धातू आणि कर्ता दाखवणारा '-अर'. मराठी शब्द पर्यवेक्षक: परि, अव, ईक्ष् आणि कर्ता दाखवणारा 'अक'. इन्स्पेक्टर आणि निरीक्षक यांचेही तसेच. पर्यवेक्षक बोजड वाटतो अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. तो बोजड नाही, तो न उलगडता हाती दिला गेला आहे. सुपरवायझरही ज्याला उलगडून दाखवलेला नाही त्याला तितकाच ठोकळा वाटेल. फक्त त्याची सवय झाली आहे.

मात्र तुकडे पाडण्याची सवय लागली की नको तिथेही सुरी चालते. टँकरवर पूर्वी 'इन्फ्लेमेबल' लिहीत. 'इन' म्हणजे नाही, म्हणून न पेटणारे, असा अर्थ कुणी काढला तर तो मेलाच. हा 'इन' नकाराचा नव्हे. हा 'आत' या अर्थाचा लॅटिन 'इन', आणि शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारे. हा घोटाळा इतका धोक्याचा होता की विसाव्या शतकात अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी तो उपसर्गच काढून टाकायला लावला. आज टँकरवर 'फ्लेमेबल' असते, आणि आपल्याकडे शेजारी 'ज्वलनशील', ज्यात गोंधळाला जागा नाही. मराठीतही असा एक शब्द आहे. 'माझ्या अपरोक्ष' म्हणजे माझ्या पाठीमागे, असे सर्रास लिहितात. परोक्ष म्हणजे नजरेआड. अपरोक्ष म्हणजे अ अधिक परोक्ष, नजरेआड नसलेले, म्हणजेच समक्ष. सुरुवातीचे 'अप' पाहून लोकांनी तिथे 'अपमान', 'अपयश' यांतला उपसर्ग ऐकला आणि शब्द उलटा फिरला. कुठे कापायचे हे केवळ अक्षरांवरून ठरत नाही. तो तुकडा आणखी चार शब्दांत त्याच अर्थाने भेटतो का, आणि उरलेला भाग आपल्या पायावर उभा राहतो का, हे पाहावे लागते.

आनंदनगरातल्या कारखान्यांकडे परत जाऊ, कारण तिथे तयार होणाऱ्या औषधांच्या नावांत ही पद्धत आजही जिवंतपणे वाढते आहे. कंपनीचे नाव आणि औषधाचे नाव वेगळे असते. गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीने दिलेले नाव असते, आणि त्याच्याजवळ द्रव्याचे खरे नाव. हे दुसरे नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरते. तिचा पाया १९५० च्या ठरावाने घातला गेला. त्या नावाचा शेवट औषधाचे कूळ सांगतो. '-ओलॉल' असेल तर बीटा ब्लॉकर: अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, रक्तदाब आणि हृदयासाठी. '-प्राझोल' असेल तर जठरातले आम्ल कमी करणारे: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल. '-व्हिर' विषाणूंविरुद्ध. '-सिलिन' म्हणजे पेनिसिलिनचे कूळ. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही त्यांनी घरातल्या सगळ्यांना हा एक प्रत्यय शिकवून ठेवावा. ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन. कंपनी कुठलीही असो, द्रव्याच्या नावात 'सिलिन' दिसले की गोळी तोंडात टाकण्याआधी डॉक्टरांना विचारायचे. संयुक्त गोळ्यांत तर हे नाव दुसऱ्या नावाच्या शेजारी दडलेले असते, म्हणून पूर्ण ओळ वाचायची.

प्रत्यय थकतातही. प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रतिपिंडांसाठी '-मॅब' हा शेवट ठरला होता: रिटुक्सिमॅब, ट्रास्टुझुमॅब. अशी औषधे एवढी वाढली की नवी नावे एकमेकांसारखी ऐकू येऊ लागली, आणि औषधांच्या नावांत सारखेपणा म्हणजे थेट चुकीच्या इंजेक्शनची भीती. २०२१ मध्ये आरोग्य संघटनेने नव्या औषधांसाठी '-मॅब' बंद केला आणि त्याच्या जागी, प्रतिपिंडाच्या घडणीप्रमाणे, चार शेवट दिले: '-टग', '-बार्ट', '-मिग' आणि '-मेंट'. जुन्या नावांतला '-मॅब' तसाच राहिला आहे, त्यामुळे पुढची काही वर्षे दवाखान्याच्या फ्रीजमध्ये एकाच कुळातली पाच शेवटांची औषधे शेजारी शेजारी असतील.